निहाली: उगमाची चर्चा शंभर वर्षं, बोलणाऱ्यांची कधी?

शेगावच्या स्टेशनावर गाडी थांबली की गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्या माणसांबरोबर पाच-सात भाषा फलाटावर उतरतात. वऱ्हाडी तर असतेच, शिवाय खानदेशी, मराठवाडी, हिंदी, गुजराती, तेलुगू. या सगळ्या भाषांची कुळं ठाऊक आहेत, त्यांच्या बहिणी-मावश्या कुठे नांदतात तेही ठाऊक आहे. पण याच शेगावहून उत्तरेला निघावं, पूर्णा ओलांडावी, कपाशीची काळी रानं मागे टाकत जळगाव जामोद गाठावं आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याला लागावं, तर मोजक्या गावांत अशी एक भाषा ऐकायला मिळते, जिचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी सख्खं नातं आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. ती भाषा निहाली. बोलणारे निहाल लोक स्वतःला ‘कल्टो’ म्हणवतात.

महाराष्ट्राच्या नकाशात ही एवढी मोठी गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला आली आहे, आणि जिल्ह्यातल्या बहुतेक शिकलेल्या माणसांना ती ठाऊक नाही. लोणारचं सरोवर आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. निहालीचं नावही घेत नाही.

भारतातल्या भाषा प्रामुख्यानं चार मोठ्या कुळांत वाटल्या जातात. मराठी-हिंदी आर्य कुळातल्या, कन्नड-तेलुगू-गोंडी द्राविड, मेळघाटातली कोरकू मुंडा म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई, आणि ईशान्येकडच्या बहुतेक तिबेटी-ब्रह्मी. निहाली या चारांपैकी कुठेच नीट बसत नाही. दक्षिण आशियात अशा एकाकी भाषा म्हणून तीन नावं घेतली जातात: गिलगिट-हुंझाकडची बुरुशस्की, नेपाळातली कुसुंडा आणि आपली निहाली. बुरुशस्कीचे बोलणारे लाखाच्या घरात आहेत. कुसुंडाचे बोटांवर मोजण्याइतके उरले. निहाली या दोहोंच्या मधे आहे. तिच्या भाषकांचे जे अंदाज छापले गेले आहेत ते दोन ते अडीच हजारांच्या आसपास जातात. निहाल समाज त्याहून मोठा आहे, म्हणजे निहाल म्हणून जन्मलेल्या कितीतरी माणसांच्या तोंडी आज निहाली नाही.

गावं थोडी आहेत. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली, चिचारी ही नावं भाषा-अभ्यासकांच्या लेखांत पुन्हा पुन्हा येतात. एवढ्याशा टापूतही भाषा एकसारखी नाही. कुवरदेव-चालठाण्याकडची बोलण्याची ढब वेगळी आणि जामोद-सोनबर्डीकडची वेगळी. डोंगराच्या पलीकडे, तापीच्या बाजूला, मध्य प्रदेशातल्या आताच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात टेंभीच्या परिसरातही निहाल राहतात. १९५६ पर्यंत डोंगराच्या या दोन्ही बाजू एकाच राज्यात होत्या, कारण वऱ्हाड आणि निमाड दोन्ही मध्यप्रांताच्याच कारभारात होते. राज्य पुनर्रचनेत बुलढाणा मुंबई राज्याकडे आला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. मराठी माणसांसाठी तो आपल्या भाषेचं राज्य मिळवण्याचा टप्पा होता. अडीच हजार माणसांच्या भाषेतून मात्र त्याच रेघेनं दोन शाळा, दोन राजभाषा, दोन प्रकारचे सरकारी कागद निर्माण केले. इकडचं निहाल पोर मराठीत शिकतं, तिकडचं हिंदीत, आणि दोघांच्याही शाळेत निहाली नाही.

अभ्यासाचा इतिहास मात्र दीर्घ आहे, आणि तो वाचताना मला पानापानावर एकच गोष्ट खटकत गेली. ती पुढे सांगेन.

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविड भाषांवरचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात स्टेन कोनोव या नॉर्वेजियन पंडितानं ‘नहाली’ या नावानं तिची नोंद कोरकूच्या पोटात केली. मूळची मुंडा बोली, तिच्यावर आधी द्राविड आणि मग आर्य भाषांचे संस्कार झाले, असा त्याचा एकूण निष्कर्ष. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जाती-जमातींचा चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात निहालांना भिल्ल आणि कोरकू यांची सरमिसळ ठरवलं गेलं. भाषेला कोरकूची पोटबोली आणि माणसांना दोन जमातींची मिसळ म्हणण्याची सवय अशी जवळजवळ एकाच वेळी लागली.

१९४० मध्ये रॉबर्ट शेफर यांनी सर्वेक्षणातली तीच सामग्री पुन्हा चाळली आणि हिच्यात मुंडाही नाही, द्राविडही नाही असा एक जुना थर आहे, हे दाखवून दिलं. १९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष निहालांकडून गोळा केलेली टिपणं छापली. त्या टिपणांवर लायडन विद्यापीठातले एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ साली निहालीचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. निहालीवरची पुढची सगळी चर्चा या छोट्या पुस्तकाभोवती फिरते.

कायपर यांनी उपलब्ध शब्द एकेक करून तपासले. एक तृतीयांशाहून अधिक शब्दांची नाळ कोरकूशी जुळली, थोडे द्राविड निघाले, बरेच हिंदी-मराठी-निमाडीकडून आलेले. एवढं सगळं बाजूला काढल्यावर सुमारे एक चतुर्थांश शब्द उरले, ज्यांना कुठेच घर सापडेना. आणि हे उरलेले शब्द काही आडवळणाचे नाहीत. पाण्याला जोप्पो, विस्तवाला आपो, झाडाला आड्डो, ‘मी’ला जो. सहसा कुठलाही समाज बाजारातल्या वस्तूचं नाव उसनं घेतो, पाणी आणि विस्तव यांचं घेत नाही. निहालीत याच रोजच्या वापरातल्या शब्दांचा गाभा स्वतंत्र राहिला आहे. उलट आकडे बघा. एकला बिडुम, तो तिचा स्वतःचा. दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोठो, नालो, यांत द्राविड वळण उघड दिसतं. पाचपासून पुढे सरळ आपल्या भाषांतले शब्द. चार-पाच आकड्यांत तीन काळांचे थर भेटतात. द्राविड भाषा बोलणारी माणसं सातपुड्याच्या या भागात निहालांच्या किती निकट होती, याचा पुरावा शिलालेखात शोधण्याऐवजी या मोजणीत सापडतो. भाषा टिकवायची कशासाठी असं विचारणाऱ्यांना मी हे एकच उदाहरण देईन.

कायपर यांनी मात्र आणखी एक शक्यता मांडून ठेवली. निहाली ही मुळात गुप्त बोली असेल, परक्याला कळू नये म्हणून मुद्दाम वेगळे शब्द वापरणारी, चोरांच्या सांकेतिक बोलीसारखी. त्यांनी ते ठाम विधान म्हणून केलं नव्हतं. भारतातल्या अनेक दबलेल्या समाजांच्या गुप्त बोली त्यांच्यापुढे होत्या, त्यावरून केलेला तो अंदाज होता. पण ‘चोरांची बोली’ हा शब्द एकदा छापला गेला आणि पुढच्या कित्येक लेखांत तो फिरत राहिला. माझं मत स्पष्ट आहे. गुप्त बोली घडते ती साधारणपणे व्यवहारातले, पैशांचे, पोलिसांचे शब्द बदलून. ‘मी’, ‘पाणी’, ‘झाड’, ‘विस्तव’ यांच्यासाठी एका समाजानं पिढ्यान्‌पिढ्या चालतील असे आणि तरीही आजूबाजूच्या कुठल्याच भाषेतून न घेतलेले शब्द बसून रचले, हे मानण्यापेक्षा ही एक जुनी भाषा आहे आणि तिचा वापर पुढे लपवण्यासाठी झाला, हे मानणं कितीतरी सरळ आहे.

आणि लपवावी का लागली, हेही नोंदलेलं आहे. मुंडा भाषांचे अमेरिकन अभ्यासक नॉर्मन झाइड यांनी लिहिलं आहे की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातल्या एका सत्ताधीशानं, लूटमारीचा बंदोबस्त म्हणून, निहालांची कत्तल घडवली. आधीच लहान असलेला समाज त्यात आणखी घटला. उरलेल्यांनी इतरांच्या आधारानं, इतरांच्या भाषा शिकत दिवस काढले, आणि आपली भाषा आपसात ठेवली. सुरुवातीच्या संशोधकांना तर निहालांनी मुद्दाम टोलवलं किंवा चुकीचं सांगितलं असावं, असंही झाइड म्हणतात. ज्या समाजाची सरकारदरबारी नोंद लुटारू म्हणून होते, त्यानं वहीत नोंद करायला आलेल्या परक्याला खरं का सांगावं? निहालीत उसन्या शब्दांचं प्रमाण इतकं प्रचंड का, याचंही उत्तर झाइड याच इतिहासात शोधतात.

यानंतर कामाचा सूर बदलला, तो मुख्यतः पुण्यामुळे. आशा मुंडले यांनी निहालांमध्ये जाऊन भाषेचा अभ्यास केला. १९९६ मध्ये ‘मदर टंग’ या नियतकालिकाच्या निहालीला वाहिलेल्या अंकात त्यांचा शब्दसंग्रह आणि निहाल कोण, ते काय बोलतात, या प्रश्नावरचा लेख आला. के. एस. नागराज यांचं निहालीचं व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असलेलं पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं काढलं. डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी ध्वनी-चित्र नोंदींसह दस्तऐवजीकरणाचा मोठा प्रकल्प केला, आणि तो संकटग्रस्त भाषांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात जमा झाला. मुंडले, नागराज, मोहन यांच्या कामाचं मोल शब्दांत मावणारं नाही. उद्या निहाली बोलणारं कुणी राहिलं नाही, तरी ती कशी होती हे आता कळेल.

मला खटकलेली गोष्ट इथेच येते. ‘ही भाषा कुठून आली?’ या प्रश्नावर अॅमस्टरडॅमपासून अमेरिकेपर्यंत शंभर वर्षं शाई खर्ची पडली. काहींनी तिचा संबंध थेट जपानच्या आयनू भाषेशी लावून पाहिला. ‘ही भाषा उद्या कोण बोलणार?’ हा प्रश्न मात्र जळगाव जामोदच्या पंचायत समितीत, बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेत, मुंबईच्या मंत्रालयात कुणाच्या तरी टेबलावर असायला हवा होता, तो कुणाच्याच टेबलावर नाही. याचं कारण या व्यवस्थेच्या कप्प्यांत आहे.

पहिला कप्पा अनुसूचित जमातींच्या यादीचा. महाराष्ट्राच्या यादीत ‘कोरकू, बोपची, मोवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंदेया’ अशी एकच एकत्र नोंद आहे. मध्य प्रदेशच्या यादीतही तसंच. म्हणजे सवलतींच्या दृष्टीनं निहाल हे कोरकूंचाच भाग ठरतात. सवलत मिळते हे चांगलं, पण जमातीचा स्वतंत्र आकडा या नोंदीतून निघत नाही. आणि व्यवहारात निहालांचं कोरकूंशी नातं बरोबरीचं कधीच नव्हतं. परंपरेनं निहाल कोरकूंच्या शेतावर मजुरी करत आले आणि कोरकू त्यांना आपल्याहून खालचं मानत आले. मालकाची भाषा मजुराला यावीच लागते, मजुराची मालकाला येण्याची गरज नसते. म्हणून जवळजवळ प्रत्येक निहालाला कोरकू येते, पण कोरकूला निहाली क्वचितच.

दुसरा कप्पा जनगणनेचा. १९७१ पासून ज्या भाषेचे बोलणारे दहा हजारांहून कमी, तिचं नाव प्रसिद्ध तक्त्यांत येत नाही, ती ‘इतर’मध्ये जाते. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ होती. छाननी, एकत्रीकरण होऊन प्रसिद्ध झाल्या १२१ भाषा. कोरकूचे सात लाखांहून जास्त भाषक त्यात दिसतात. निहालीचा आकडा शोधायला गेलात तर ‘इतर’ या शब्दावर बोट थांबतं. शिवाय ज्या निहालानं मातृभाषा कोरकू सांगितली असेल किंवा गणकानं परस्पर मराठी लिहून टाकली असेल, तो त्या ‘इतर’मध्येही नाही.

तिसरा कप्पा भाषा खात्यांचा. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचं प्रतिमांकन सुरू केलं, ते उत्तम काम आहे. पण निहाली ही मराठीची बोली नाही, त्यामुळे ते काम तिच्यापर्यंत पोचावं अशी अपेक्षाही करता येत नाही. केंद्र सरकारनं २०१३ मध्ये दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांसाठी जतनाची योजना म्हैसूरच्या संस्थेकडे सोपवली. २०१८ मध्ये देशातल्या अतिसंकटग्रस्त ४२ भाषांची यादी सरकारी हवाल्यानं वर्तमानपत्रांत आली, त्यात महाराष्ट्रातलं एकच नाव होतं, निहाली. बातमी आली, चार दिवस चर्चा झाली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा या जिल्ह्यातही पेढे वाटले गेले, आणि तो आनंद खराच होता. पण अभिजात भाषेचं राज्य म्हणून आपल्यावर आलेल्या जबाबदारीत आपल्याच हद्दीतली सर्वांत एकाकी भाषा येते की नाही, हा प्रश्न त्या दिवसांत मला तरी कुठे ऐकू आला नाही.

छोटी भाषा अशी नकळत कशी मागे पडते, हे बघायला पापुआ न्यू गिनीसारखी दुसरी जागा नाही. त्या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत, आणि कुठल्याच कुळात न बसणाऱ्या भाषाही तिथे कितीतरी. सेपिक नदीच्या मुखाकडच्या दलदलीत गापुन नावाचं एक गाव आहे. तिथली तायाप ही भाषा निहालीसारखीच एकाकी, आणि जवळजवळ त्या एका गावापुरतीच. डॉन कुलिक हा मानववंश-अभ्यासक १९८० च्या दशकात तिथे राहिला आणि पुढची तीस वर्षं परत परत जात राहिला. त्याला दिसलं ते असं: गापुनच्या आईबापांनी तायाप सोडायचं असं कधी ठरवलंच नव्हतं. मुलं हट्टी आहेत, शिकतच नाहीत, असं ते म्हणत. प्रत्यक्षात तेच मुलांशी टोक पिसिन या देशभर चालणाऱ्या भाषेत बोलत, आणि आपण तसं बोलतो हे त्यांच्या लक्षातही येत नसे. टोक पिसिन म्हणजे शिकलेला, शहाणा, बाहेरच्या जगाचा माणूस. तायाप म्हणजे जुनाट. गावकऱ्यांच्या मनातली ही उतरंड भाषेला गिळत गेली.

त्याच देशानं १९९० च्या दशकात चारशेच्या आसपास भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचं धाडस केलं. पुढे २०१० च्या दशकात सरकार बदललं, धोरण बदललं, आणि शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. गापुन आणि कुवरदेव यांच्यामध्ये समुद्र आहेत, पण शाळेत, रेशनच्या दुकानात, मजुरीच्या मुकादमापुढे कुठली भाषा बोललेली बरी, हे गणित दोन्हीकडे सारखंच आहे. निहाल आईबापांना यासाठी दोष देणं अन्याय आहे. ज्या भाषेचं नाव घेतल्यावर हसू किंवा संशय मिळतो, ती लेकराच्या तोंडी कोण देईल?

उलट दिशेची उदाहरणंही आहेत. पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यात टोटोपाडा या गावात टोटो समाज राहतो, सुमारे दीड हजार माणसं. टोटो भाषाही त्याच ४२ च्या यादीत आहे. तिथल्या धनीराम टोटो यांनी आपल्या भाषेसाठी लिपी घडवली, भाषेत लिहिलं, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नेपाळमध्ये कुसुंडा अस्खलित बोलणाऱ्या ग्यानी मैया सेन यांचं २०२० मध्ये निधन झालं, पण त्याआधीच तिथल्या भाषा आयोगानं कुसुंडा मुलांसाठी वर्ग सुरू केले होते. या वर्गांतून भाषा पूर्वीसारखी होईल असं कुणी म्हणत नाही. पण सरकार आपल्या भाषेसाठी शिक्षक नेमतं हे त्या मुलांनी पाहिलं, आणि त्यातून आपल्या बोलण्याकडे बघायची नजर बदलते.

निहालीसाठी नवी लिपी लागणार नाही, देवनागरीत ती सहज लिहिता येते. लागणार आहे ती थोडी इच्छा. पुण्यात, म्हैसुरात आणि परदेशी संग्रहांत जमा झालेल्या निहाली गोष्टी, गाणी, संभाषणं ज्यांनी सांगितली त्यांच्याच गावात परत आली पाहिजेत, मोबाइलवर ऐकता येतील अशी. संविधानाच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. संपूर्ण शाळा निहालीत चालवा असं मी म्हणत नाही, ते शक्यही नाही. पण जळगाव जामोद भागातल्या जिल्हा परिषद शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गात निहाली बोलणारी एखादी बाई मदतनीस म्हणून असावी, मुलांना जोप्पो आणि आड्डो हे शब्द वर्गात मोठ्यानं म्हणता यावेत, एक चित्रांचं पुस्तक असावं, यासाठी फार मोठा निधी लागत नाही. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आता उभं राहिलं आहे. सातपुड्याच्या भाषांचं एक केंद्र तिथे सुरू झालं आणि त्यात एखाद्या निहाल तरुणाला आपल्याच भाषेचा अभ्यासक म्हणून जागा मिळाली, तर संशोधक बाहेरून येतो आणि निहाल फक्त माहिती देतो, ही शंभर वर्षांची रीत पहिल्यांदा मोडेल.

याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र लगेच करता येण्यासारखी आहे. लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरली असून त्याआधीच्या फेब्रुवारीत गणक घरोघर जाणार आहेत. त्यांत आपल्याच भागातले गुरुजी, बाई, अंगणवाडी सेविका असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या गावांत मातृभाषेचा रकाना भरताना मराठी किंवा कोरकू असं परस्पर लिहू नका. घरात काय बोलता, हे नीट विचारा, थांबून ऐका, आणि समोरच्यानं निहाली सांगितलं तर निहालीच लिहा. निहाल बांधवांनाही तेच सांगणं आहे: कुणी काही म्हणो, आपल्या भाषेचं नाव त्या दिवशी स्पष्ट सांगा.